घाम, गरनाळं आणि कॉटर पिन

दांडिया बाजारातून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीपर्यंत मी सायकलने कामाला जाते, एवढंच मागच्या अंकात लिहिलं होतं. खाली संपादकांनी 'प्रश्न असल्यास कळवा' अशी ओळ टाकली आणि पत्रं सुरू झाली. त्यातल्या निम्म्या पत्रांत प्रश्नच नाहीत, सल्ले आहेत. बडोद्याच्या मराठी माणसाला 'विचारा' म्हटलं की तो आधी सांगतो. एका काकांनी या वयात मी स्कूटी घ्यावी असं कळवलंय, कर्ज कुठे स्वस्त पडेल तेही लिहिलंय. त्यांचे आभार. बाकीच्यांना उत्तरं देते.

एक आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आहे. पूर्वी ट्रेसिंग पेपरवर रेघा ओढायचे, आता कॉम्प्युटरवर ओढते. कुठला भाग कशात कसा बसतो ते त्यामुळे कळतं, पण बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, पायडलांचा एक्सल फिरतो तो डबा) उघडायची वेळ आली की मीही दुकानातच जाते.

प्र. निझामपुऱ्याहून अलकापुरीत ऑफिसला सायकलने जातो. नोकरी नवी आहे. पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. त्यात सहकारी विचारतात, 'पेट्रोल परवडत नाही का?' सायकल सोडावीशी वाटत नाही, पण लाज वाटते. (नवा नोकरदार, निझामपुरा)

उ. घाम आणि लाज यांची गल्लत करू नका. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आधी घाम. चालवताना तो तितका जाणवत नाही आणि ऑफिसच्या दारात उतरलात की धो धो सुरू होतो, हे लक्षात आलंच असेल. चालवताना वारा घाम वाळवत असतो. थांबलात की वारा बंद, अंग मात्र तापलेलंच. म्हणून शेवटचा टप्पा मुद्दाम रमतगमत काढायचा. अलकापुरीच्या बाजूला आलात की पायडल मारायची घाई सोडा. पोचल्यावर थेट एसीत शिरू नका. पार्किंगच्या सावलीत पाच-सात मिनिटं घालवा, कुलूप लावा, फोन बघा, मग वर जा.

दुसरं, पाठीवरची बॅग. शर्ट भिजतो त्यातला निम्मा दोष तिचा. ती कॅरिअरवर टाका आणि हुकाच्या रबरी दोरीने आवळा. एवढा एकच बदल केलात तरी फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

तिसरं, ऑफिसचा शर्ट घालून घरून निघू नका. गंजी किंवा जुना टी-शर्ट घाला, शर्ट घडी न घालता गुंडाळून न्या, सुरकुत्या कमी पडतात. ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू त्याच्यावर कामाला लागले की वास येतो. त्यांना तेवढा वेळ द्यायचा नाही. ओल्या नॅपकिनने मान, काखा, पाठ पुसा, कोरडं करा, शर्ट चढवा. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक कुर्ता कायम असतो. पूर्वी त्याच खणात रोटरिंगची पेनं असायची.

आता लाज. 'परवडत नाही का' या प्रश्नाला 'हो, नाही परवडत' असं सरळ म्हणून टाका. विचारणाऱ्याकडे पुढचं वाक्य तयार नसतं. सहकारी गुजराती असेल तर हसून 'पैसा बचे छे' एवढंच म्हणा. पैसे वाचवणाऱ्याला हसायची या शहरात पद्धत नाही. प्रदूषणावर भाषण मात्र देऊ नका. भाषण दिलंत की दुसऱ्या दिवशी तुम्ही रिक्षाने आलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं.

प्र. सायकलने वजन किती दिवसांत कमी होतं? (एक गृहस्थ, कारेलीबाग)

उ. वाटेत सेव-उसळीची गाडी लागते का, आणि तिथे तुम्ही तर्री किती वेळा मागून घेता, ते कळवा. मग सांगते.

प्र. गोत्रीला राहते, नोकरी रावपुऱ्यात. पावसाळ्यात रेल्वेखालून जाणारं गरनाळं तुंबतं, ब्रेक लागत नाहीत, चपला कुजतात. त्यात सासूबाईंना मगरींची भीती. पावसाळाभर सायकल बंद ठेवू का? (ओल्या चपलांची वाचक, गोत्री)

उ. सबंध पावसाळा नको. दिवस निवडायचे.

सासूबाई घरात आहेत, म्हणून मगरींपासून सुरू करते. विश्वामित्रीत मगरी आहेत, शहराच्या मधोमध आहेत आणि पूर आला की सोसायट्यांतही येतात. ऑगस्ट 2024 मध्ये ते सगळ्यांनी पाहिलं. काळ्या घोड्याच्या पुलाशी नदीची धोक्याची पातळी 26 फूट धरतात, तेव्हा पाणी 35 फुटांच्याही वर गेलं होतं. अख्खं बडोदं शेअरचा भाव बघावा तसं त्या आकड्याकडे डोळे लावून बसलं होतं. आकडा चढायला लागला की सायकल काढायचीच नाही, मगर असो वा नसो. पण एरवीच्या पावसात तुमच्या चाकाखाली मगर येणार नाही, झाकण सरकलेलं मॅनहोल येईल. सासूबाईंना भीती बाळगायचीच असेल तर त्याची बाळगायला सांगा.

पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर चालवायचं नाही, उतरायचं. तिथल्या पानवाल्याला विचारायचं, खड्डा कुठे आहे ते त्याला पाठ असतं. पावसाळी कांसेच्या, म्हणजे उघड्या नाल्याच्या, कडेने जाणारा शॉर्टकट तर चार महिने विसरा. पाणी भरलं की रस्ता कुठे संपतो आणि कांस कुठे सुरू होते ते कळत नाही. गरनाळ्याचंही तसंच. उतारावरून खाली जाईपर्यंत पाणी किती आहे याचा अंदाज येत नाही आणि अंदाज येतो तेव्हा मागे रिक्षांची रांग लागलेली असते. तुम्हाला अकोटा-दांडिया बाजार पूल सोयीचा आहे. त्याच्यावर वारा फार, एवढीच कुरकुर. म्हणून झूल टाकल्यासारखा अंगभर रेनकोट घेऊ नका, तो फुगतो आणि सायकल बाजूला ओढतो. जाकीट आणि पँट असा वेगवेगळा घ्या.

ब्रेकचं कारण साधं आहे. रबरी गुटके रिम ओली असताना आधी पाणी पुसतात आणि मग धरतात. पहिले एक-दोन फेरे पुसण्यातच जातात. लोखंडी रिम असेल तर फारच वाईट, अॅल्युमिनियमची बरी. तेव्हा सिग्नल दिसला की लांबूनच ब्रेक हलका दाबून ठेवायचा, पाणी पुसलं जातं, मग जोर द्यायचा. गुटके घासून गुळगुळीत झाले असतील तर त्यांच्यावर काचकागद फिरवा. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं ओली असली की हँडल न वळवता, ब्रेक न दाबता सरळ पार करायची.

चपलांसाठी रबरी सँडल घ्या आणि चांगली चप्पल ऑफिसात ठेवा. घरी आल्यावर चेन फडक्याने पुसून कडीकडीला थेंब थेंब तेल द्या, मग वरचं तेल पुन्हा पुसून काढा. ते पुसायचं लोक विसरतात. बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि पॉलिशची पेस्ट लावावी तशी ती चेन खाऊन टाकते. चाकाच्या हबपर्यंत पाण्यातून गेला असाल तर पावसाळा संपल्यावर ओव्हरहॉलिंगला टाका. आतलं ग्रीस धुऊन गेलेलं असतं, ते बाहेरून दिसत नाही.

प्र. वडील गेले. त्यांची 22 इंची काळी अटलस जिन्याखाली पडून आहे. गोरव्याच्या कारखान्यात ते तिच्यावरूनच जायचे. सीटखाली त्यांनी खोचलेला कापडाचा बोळा अजून तेलकट आहे. मुलगा म्हणतो, कंपनीच बंद पडली, भंगारात द्या. माझं ऑफिस दोन-तीन किलोमीटरवर आहे. ही सायकल मला चालवता येईल का? पार्ट मिळतील का? (वय 46, वाडी)

उ. तो बोळा टाकू नका. वडिलांना चेन पुसायची सवय होती असा त्याचा अर्थ, आणि जिची चेन पुसली जाते त्या सायकलची बाकी हेळसांडही सहसा झालेली नसते. भंगाराची घाई नको.

कंपनीबद्दल मुलाचं खरं आहे. अटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनी. पण काळ्या सायकलींचं एक बरं असतं. नाव कुठलंही असो, टायर 28 बाय दीड, चेन अर्ध्या इंची कडीची, कॉटर पिन, फ्रीव्हील, बहुतेक सगळं एकमेकांना चालतं. पार्टची काळजी करू नका.

आधी सांगाडा तपासा. फ्रेमच्या नळ्या नाण्याने ठोकून बघा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आतून गंज. बी.बी.च्या डब्याजवळ जास्त लक्ष द्या, कारण वरच्या नळ्यांत शिरलेलं पाणी शेवटी तिथे उतरतं. मग पुढचं चाक धरणारा चिमटा बघा, तो वर जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे. रंगावर केसासारखी तांबूस रेघ दिसली तर ती चीर असू शकते. चिमट्याच्या चिरेला वेल्डिंग नको, चिमटाच बदला. चालताना तो तुटला तर तुम्ही तोंडावर पडता.

चाकं डगमगत असतील तर आउट काढून, म्हणजे तारा आवळून-सैल करून सरळ करून, मिळतात. रिमला गंजाच्या खपल्या आल्या असतील तर रिम नवी. टायर वरून कितीही चांगले दिसोत, बदला. पडून पडून रबर वाळतं, बगलेला चिरा पडतात. ट्यूब, रिमपट्टी, व्हॉल्व्ह ट्यूब त्याबरोबरच. ती व्हॉल्व्ह ट्यूब म्हणजे एवढीशी रबरी नळी, पण तिच्यापायी लोक भलतीकडे पंक्चर शोधत बसतात. बडोद्याच्या उन्हाळ्यात ती कडक होते आणि रात्रीत हवा जाते. व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावा. बुडबुडा आला तर नळी गेली. काम पैशा-दोन पैशाचं, म्हणून दुकानदार सांगत नाही.

आता कॉटर पिन, माझा आवडता विषय. पायडल ज्या क्रँकला लावलेलं असतं तो क्रँक एक्सलवर आवळून धरणारी ही पाचर. एका अंगाने तिरकी घासलेली, दुसऱ्या टोकाला नट. चालवताना दर फेऱ्याला 'कट' असा आवाज आला आणि पायाखाली बारीकसा हिसका बसला की पिन सैल झाली. तशीच चालवत राहिलात तर क्रँकचं भोक मोठं होतं आणि पिनेवर निभावलं असतं तिथे क्रँक बदलावा लागतो. पिन काढायची एक रीत आहे. नट सोडायचा, पण टोकाशी राहू द्यायचा, म्हणजे हातोड्याने आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपाचा टेकू द्यायचा. मग एक घाव, नेमका. टेकू न देता ठोकाठोक करणारा भेटला तर सायकल उचलून परत आणा, तो सगळा मार आतल्या बेअरिंगच्या छऱ्यांवर जातो. आणि नव्या पिना बसवताना एका बाजूची जिकडून घातली त्याच्या उलट दिशेने दुसऱ्या बाजूची घालायची. दोन्ही एकाच दिशेने ठोकल्या तर दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत, चालवणारा लंगडल्यासारखा दिसतो. रस्त्यात अशी सायकल पुढे असली की मला ड्रॉइंगवर लाल पेन्सिल मारावीशी वाटते.

छरे सगळे नवे घाला, ग्रीस नवं भरा. ब्रेकच्या सळ्यांचे सांधे गंजून अडकले असतील, त्यांत रोज तेलाचा एकेक थेंब सोडत राहा, चार-सहा दिवसांत हलायला लागतात. एकदम जोर लावू नका. सीट चामड्याची असेल तर तेलात भिजवू नका, ढिली पडते.

राहिला तुमच्या मापाचा प्रश्न. तुम्ही बाई का बुवा ते पत्रावरून कळत नाही, पण दांडी दोघांनाही सारखीच लागते. दांडीच्या दोन बाजूंना दोन्ही पाय टेकून उभे राहा. टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या आणि वर थोडी जागा उरली तर सायकल तुमची. नाही टेकल्या तर रोजच्या रहदारीत तिच्यावर बसू नका, भावना बाजूला ठेवा. सोसायटीच्या वॉचमनला किंवा कामावर सायकलने जाणाऱ्या कुणाला तरी द्या, बोळ्यासकट.

कारागीर कोण, असं पुढचं पत्र येईल म्हणून आत्ताच सांगते. नव्या, गिअरच्या सायकली विकणाऱ्या दुकानात काळी सायकल नेली तर तोंडं वाकडी होतात. तुमच्याकडे पेपर टाकणारा किंवा दूध आणणारा सायकलवर येत असेल तर तो कुठे दुरुस्त करतो ते विचारा.

प्र. मुलगी 23 वर्षांची. सयाजीगंजात क्लासमध्ये शिकवते. रात्री आठला सुटते आणि सायकलने तरसालीला येते. ती पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला. तिला कसं समजावू? (एक आई, तरसाली)

उ. ताई, समजावू नका. एक दिवस तिच्या सुटायच्या वेळी तिच्या मागून तुम्हीही त्या वाटेने या, रिक्षाने या हवं तर. कुठे अंधार आहे, कुठे वळणावर ट्रक उभे असतात ते तुम्हालाही दिसेल, आणि मग दोघी मिळून वाट ठरवा. उजेडाची, वर्दळीची वाट लांब पडली तरी तीच घ्यायची. घरी बसून केलेली काळजी तिच्या काही उपयोगाची नाही.

मागे लाल दिवा हवा, लुकलुकणारा, आणि रिफ्लेक्टर पुसलेला हवा. पुढचा दिवा रस्ता दिसायला हवा तसा समोरच्याला आपण दिसायलाही हवा. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवायची सवय असेल तर मोडायला सांगा. कडेला रेती असते आणि चिकटून चाललं की गाड्या आणखी दाबतात. दीड-दोन हात आत असावं. थांबलेली रिक्षा आणि फूटपाथ यांच्या मधल्या फटीत घुसू नये, उतारू त्याच बाजूला उतरतो. उभ्या मोटारींच्या दारापासून लांब. ओढणी कमरेला गाठ मारून किंवा बॅगेत. मागच्या चाकाला जाळीचा गार्ड नसेल तर बसवून घ्या.

आणि गाई. रात्री भर रस्त्यात, डिव्हायडरला पाठ लावून बसलेली काळी गाय आपल्याकडे नवी नाही, आणि तिला रिफ्लेक्टर नसतो. उठलेली गाय दिसली तर तिच्या मागून जायचं. गाय पुढे कधीही चालू लागते, मागे सहसा येत नाही.

नवरात्रात उलटं असतं, रात्री आठला सगळं बडोदं रस्त्यावर, चनिया-चोळीत, एका स्कूटीवर तिघी. त्या नऊ रात्री माणसांची भीती नसते, गर्दीची असते. तेव्हा क्लासवाल्यांकडून तासभर आधी सुटी मागून घ्या म्हणावं.

एक विनंती तुम्हाला. ती निघाली की फोन करू नका. ती एका हाताने उचलते.

प्र. उत्तरायणाच्या दिवसांत सायकल चालवणं सुरक्षित आहे का? हँडलला लावायची ती सळी खरंच उपयोगी पडते? (फतेगंज)

उ. सळी पडते उपयोगी. हँडलच्या दोन टोकांना बसवलेली, डोक्याच्या वर कमानीसारखी जाणारी. आडवा आलेला पतंगाचा दोरा गळ्यापाशी यायच्या आधी तिच्यावरून वर सरकतो. तिच्यासोबत गळ्याला जाड मफलर. जानेवारीत सकाळी थंडी असतेच, विचित्र दिसत नाही.

नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तो गळ्यात येतोच, आणि काच लावलेला सुती मांजाही काही मऊ नसतो. 14 आणि 15 जानेवारी, उत्तरायण आणि वासी उत्तरायण, सायकल काढूच नका. गच्चीवर जा, उंधियू खा. धोका त्याच्या आधी डिसेंबरातच सुरू होतो आणि नंतरही राहतो, तारांना आणि झाडांना लोंबकळणारे तुकडे महिनाभर असतात. पुलांवर जास्त जपा, तिथे दोरा अडवायला मधे काही नसतं. वर बघत धावणारी पोरं दिसली की ब्रेकवर हात, त्यांना तुम्ही दिसत नसता. मागच्या हबमध्ये दोरा गुंडाळला गेला तर ओढू नका, ब्लेडने कापून काढा.

प्र. वय 61. अजून अर्धवेळ नोकरी करतो. लालबागचा पूल चढताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. मुलं म्हणतात इलेक्ट्रिक सायकल घ्या. लायसन्स लागतं का? (प्रतापनगर)

उ. काका, आधी सीट बघा. पुढून दुखतं म्हणजे बहुतेक सीट खाली आहे. थांबल्यावर दोन्ही पाय टेकावेत म्हणून आपल्याकडे सगळे सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दिवसभर अर्धे दुमडलेलेच राहतात. भिंतीला धरून सायकलवर बसा, पायडल अगदी खाली आणा, त्याच्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा ठेवाल तेव्हा गुडघ्यात थोडासा बाक राहील, तेवढा हवाच. एकदम नका उचलू, अर्धा-अर्धा इंच करत न्या. मागच्या बाजूला दुखायला लागलं तर जास्त वर गेली. एवढं करूनही गुडघा सुजत असेल तर डॉक्टर, मी नाही.

पूल उतरून चालत चढायलाही हरकत नाही. मी वारा समोरून असला की चढते तशीच.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असलेल्या मंजूर मॉडेलला रजिस्ट्रेशन आणि लायसन्स लागत नाही. दुकानदार 'साहेब, ही पस्तीसने पळते' म्हणाला तर ती कायद्याने स्कूटरच झाली. घेण्यापूर्वी दोन गोष्टी करून बघा: बॅटरी काढून घरात नेता येते का, आणि बॅटरी संपल्यावर नुसती पायडल मारत ती पूल चढते का. ती जड असते. दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर उचलूनही बघा.

प्र. निश्चय करून सुरुवात केली. दोन आठवडे सलग गेलो. मग एक दिवस चुकला आणि सगळंच सुटलं. तुम्हाला रोज कसं जमतं? मनोबल कसं टिकवता? (मांजलपूर)

उ. रोज जमत नाही. नदी चढली की जात नाही, घरी पाहुणे असले की जात नाही, गरब्याला जागरण झालं की सकाळी शेजारणीच्या स्कूटीवर मागे बसते. मे महिन्यात पारा 42-43 ला गेला की सकाळी लवकर जाते, पण दुपारी परत यायची पाळी आली तर सायकल कारखान्यातच ठेवून रिक्षा पकडते. वॉचमन तिला सावलीत लावतो. उन्हात घोट घोट पाणी, मिठाचं ताक, आणि डोकं भणभणलं की लगेच उतरून सावली, हे तर आहेच.

तुम्ही सोळा सोमवार धरल्यासारखं धरलंत, म्हणून एक दिवस चुकल्यावर सुटलं. सायकल कामावर जायचं साधन आहे. उद्या सोयीची असेल तर उद्या काढा.

पण तुमच्या पत्रात पुढे एक ओळ आहे, 'दुसऱ्या आठवड्यात सायकल फारच जड लागू लागली.' मनोबल कमी पडलं म्हणता, मला हवा कमी पडलेली वाटते. वापरात असलेल्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू जात राहते. दोन आठवडे भरली नाहीत तर चाक रस्त्याला चिकटतं आणि माणसाला वाटतं आपलं वय झालं. टायरच्या बगलेवर किती हवा हवी तो आकडा छापलेला असतो. घरी एक उभा पंप आणा, मीटर असलेला मिळाला तर उत्तम. रविवारी भरा. आणि कपडे, डबा, कुलपाची किल्ली रात्रीच एका जागी ठेवा. सकाळी साडेसातला किल्ली शोधणारा माणूस शेवटी रिक्षालाच हात करतो.

प्र. सायकल चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं? (विद्यार्थी, फतेगंज)

उ. मागच्या चाकाचं गोल कुलूप चोराला अडवत नाही, तो सायकल उचलून नेतो. साखळी किंवा जाड केबल फ्रेममधून आणि चाकातून काढून एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीला बांधा. झाडाच्या कुंडीला नाही, कुंडीसकट नेतात. स्टँड असेल तर दाराजवळ, जिथे येणारे-जाणारे बघतात तिथे लावा. फ्रेम नंबर बहुधा बी.बी.च्या डब्याखाली कोरलेला असतो. सायकल उलटी करा, माती खरवडा, त्याचा फोटो काढून ठेवा. पोलीस पहिला तोच विचारतात, आणि तेव्हा सायकल उलटी करायला जवळ नसते.